एकटीला जोडता येईल असं

या माणसाला सगळे काटेमास्तर म्हणायचे. खरं नाव मागे पडावं असं त्यानं आयुष्यात काही मोठं केलेलं नव्हतं. धान्याच्या बाजारात बावीस वर्षं वजनकाट्यावर बसला होता, एवढंच. पण काटा सुटला तरी सवय सुटली नाही. बूट घ्यायचे तर चार दुकानं, बादली घ्यायची तर पाच. तो लांबून येताना दिसला की दुकानदारांना नेमकी जेवायची आठवण व्हायची आणि अर्धं शटर खाली यायचं. त्याच्या खिशात एक लांबट वही असे. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे गुण, उजवीकडे दोष. लग्नाआधीही त्यानं अशीच रेघ ओढली होती, असं बायकोची बहीण अजून म्हणते. तो अजून नाही म्हणत नाही.

बाजारातून उठला आणि त्यानं आठ एकर गवताळ जमीन घेतली, सहा गाई घेतल्या. अठरा वर्षं झाली. गवत कापायचं, वाळवायचं, ओळीत ओढायचं, गठ्ठे करून ठेवायचे. नवराबायको दोघंच सगळं करायची. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला, ती गवताच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही.

यंदाच्या थंडीत त्याला माडीचा जिना चढताना धाप लागायला लागली. ट्रॅक्टरचा फिल्टर आणायला जातो असं सांगून तो एकटाच डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, त्याची ताकद पावसुद्धा उरलेली नाही, ऑपरेशन झेपणार नाही. गोळ्या घ्या, जड काही उचलू नका. एखादं वर्ष मिळेल, कदाचित थोडं कमी. यानं मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे गेला. मग तिसऱ्याकडे. तिघांनी तेच सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तीन ठिकाणी एकच भाव निघाला, आणि घासाघीस करायला जागाच नव्हती.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन बायकोजवळ बसून रडला असता. हा मुलखावेगळा माणूस बसमध्ये वही काढून बसला. घरचा गवत कापायचा जुना मोअर इतका जड होता की ट्रॅक्टरला जोडताना एकानं पहारीनं तो रेटायचा आणि दुसऱ्यानं पिन घालायची. गवत ओढायच्या रेकचं तेच रडगाणं. सगळं दोन माणसांचं काम. आणि वर्षभरानं घरात एकच माणूस उरणार होतं. तेव्हा त्यानं वहीत लिहिलं, मोअर आणि रेक, वापरलेले चालतील, पण धडधाकट हवेत आणि एकटीला जोडता येतील असे.

बायकोला सांगणं त्याच्या फार जिवावर आलं होतं. अडचण सांगायची तर सोबत तोडगा हवा, हा त्याचा जुना हट्ट. आधी मशीन घेऊ, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. या ठरवण्यात किती शहाणपण होतं आणि किती भेकडपणा, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या तीन आठवड्यांत ती दोघं आजूबाजूचे गोठे आणि गोदामं पालथी घालत फिरली. पहिल्या ठिकाणी दोन ड्रमचा मोअर होता. काय मशीन होतं! गिअरबॉक्समधून तेलाचा थेंब गळत नव्हता, पाती नवी, कसलंही आडवंतिडवं गवत कापून काढेल असं. एरवी तो अशा मशीनभोवती तासभर घुटमळला असता. पण त्यानं बायकोला पुढे केलं.

"जरा हलवून बघ गं."

"मी?"

"हो, तू. पिनच्या रेषेत आण."

तिनं खांदा लावला, पाय रोवले, तोंड लाल केलं. मोअर तसूभर हलला नाही.

"अहो, हे माझं काम आहे का? तुम्ही आहात की."

"पुढे चला," तो म्हणाला आणि त्यानं उजव्या रकान्यात एकच शब्द लिहिला. जड.

दुसऱ्या गोठ्यात कात्रीसारख्या पात्यांचा मोअर होता. वजनाला हलका, पण पात्यांचे दात झिजून गेलेले. ओल्या गवतात दर दहा पावलांना अडकला असता, आणि अडकलेलं पातं मोकळं करताना बोटं जायला वेळ लागत नाही. तिथला रेक ट्रॅक्टरच्या ताकदीवर, लोखंडी शाफ्टनं फिरणारा होता. तो शाफ्ट ट्रॅक्टरला बसवायचा तर वाकून, एका हातानं कळ दाबून, दुसऱ्या हातानं रेटायला लागत होतं. त्यानं बायकोच्या हाताची लांबी मोजली. खरोखरच खिशातून टेप काढून मोजली.

"शिंप्याकडे आलोय का आपण?" ती हसून म्हणाली. "म्हातारपणी काय माझी परीक्षा घेताय?"

तोही हसला. घरी येताना मात्र तिच्याकडे बघायचं टाळत त्यानं सगळी वाट खिडकीबाहेर नजर लावली होती. गाडी हल्ली तीच चालवायची. तो म्हणायचा, गुडघा दुखतो.

तिसऱ्या ठिकाणी जुन्या यंत्रांचा एक व्यापारी होता. माणूस दिलदार, पँटवर कायमचा गंज, म्हणून लोक त्याला गंजोबा म्हणत. पत्र्याच्या कुंपणात नांगर, ट्रॉल्या, मोडकी मळणीयंत्रं एकमेकांना टेकून उभी होती. काटेमास्तरनं त्याला आधीच फोन केला होता आणि आपल्याला काय हवंय ते नीट समजावं म्हणून एका वाक्यात कारणही सांगून टाकलं होतं. परक्याला सांगणं किती सोपं गेलं, याचं त्याला तेव्हा नवल वाटलं होतं. यातलं बायकोला काही सांगू नका, हे सांगायचं मात्र राहून गेलं. आयुष्यभर बारीकसारीक गोष्ट पारखून पाहणारा माणूस, आणि चुकला तो इथे.

गंजोबानं दोन यंत्रं झाडूनपुसून एका जुन्या ट्रॅक्टरमागे मांडून ठेवली होती. एक आखूड पात्याचा मोअर, दात नवे बसवलेले, उचलायला बाजूला स्प्रिंग. आणि एक चाकांचा रेक. सायकलच्या चाकाएवढी तारांची पाच चाकं, ना गिअरबॉक्स ना शाफ्ट, ओढलं की जमिनीला घासून आपोआप फिरणारी.

"वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," गंजोबा मायेनं म्हणाला. "भाऊंनी फोनवर सगळं सांगितलंय. त्यांच्यामागे तुम्हाला एकटीला झेपेल असंच काढून ठेवलंय."

"कुणाच्या मागे?" तिनं विचारलं.

गंजोबानं काटेमास्तरकडे पाहिलं. काटेमास्तर जमिनीकडे पाहत होता. "पाना आणतो," असं पुटपुटत गंजोबा शेडकडे गेला, आणि कुत्रं मागे लागल्यासारखा गेला.

ती ट्रॅक्टरवर चढली, मागे वळून बघत तो सावकाश मागे घेतला, उतरली. मोअरचे दोन्ही हात पिनांवर चढवले, वरचा दांडा आवळला, शाफ्ट खटकन बसवला. मग मोअर सोडवून रेक जोडला. त्याला फक्त एक पिन लागली. काटेमास्तरनं नकळत घड्याळाकडे पाहिलं होतं. नऊ मिनिटं, दोन्ही मिळून! त्याला इतका आनंद झाला की क्षणभर तो बाकी सगळं विसरला.

"जमलं की गं! नऊ मिनिटं!"

तिनं इंजिन बंद केलं आणि रेकच्या लोखंडी दांड्यावर येऊन बसली.

"किती दिवस?"

"वर्ष म्हणाले. तिघंही."

"तीन डॉक्टर. चौथा हा भंगारवाला. म्हणजे माझा नंबर पाचवा."

"तुला सांगणारच होतो. म्हटलं, आधी तुझी सोय लावावी."

"कसली सोय?"

"गवताची. तुला एकटीला शेत चालवता यावं म्हणून..."

"मला नकोय ते शेत."

त्याला वाटलं, रागानं बोलतेय. पण तिचा आवाज चढलेला नव्हता.

"दरवर्षी गवत वाळायला पडलं की तीन आठवडे माझे डोळे सुजतात. शिंकून शिंकून जीव नकोसा होतो. तुम्हाला वाटतं, सर्दी आहे."

"तू कधी बोलली नाहीस."

"गवताच्या ओळी पडल्या की तुम्ही बांधावर उभे राहून बघत बसता. त्या वेळचं तुमचं तोंड बघितलंय कधी? मी बघितलंय. त्यासाठी करत होते मी. आता तुम्ही नसलात तर कुणाचं तोंड बघायला कापू?"

काटेमास्तरला तोंडात मारल्यासारखं झालं. वाईट तर वाटलंच, पण आधी राग आला. अठरा वर्षं जे आपण दोघांचं समजत होतो ते एकट्याचंच होतं की काय, असा राग. मग तोही ओसरला. त्याच्या हातात वही होती. त्यात पिनची उंची होती, स्प्रिंगचा जोर होता, बायकोच्या हाताची लांबी होती. तिला हे हवंय का, एवढं एक विचारायचं त्याला अठरा वर्षांत सुचलं नव्हतं. बादलीसाठी पाच दुकानदारांना विचारणारा माणूस तो. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मग तू काय करशील?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत? मला कळून दहा मिनिटं झाली नाहीत."

"हो."

"यंदाचं गवत शेजारी कापतील. निम्मं त्यांनी न्यावं, उरलेलं गाईंना पुरे."

"आणि हे?" त्यानं मोअरकडे बोट केलं.

"राहू दे इथेच."

पाना घेऊन गंजोबा शेडच्या दारापर्यंत आला, दोघांकडे बघितलं आणि आला तसा आत गेला.

"आता सांगा," ती म्हणाली. "पहिल्या डॉक्टरपासून. काही गाळायचं नाही. आणि ती वही ठेवा खिशात."

त्यानं वही ठेवली आणि उभ्या उभ्याच सांगायला लागला. आधी फिल्टरचं खोटं, मग तपासण्या, आकडे, गोळ्यांची नावं. पहिले दोन डॉक्टर त्यानं कोरड्या आवाजात, काट्यावरची पावती वाचावी तसे सांगितले. तिसऱ्याच्या दवाखान्यातल्या बाकापाशी आल्यावर आकडे संपले. तिथे तो दोन तास बसून होता, शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, आणि तो एकटा होता. तीन आठवडे यंत्रं बघत फिरताना जे त्यानं एकदाही जवळ येऊ दिलं नव्हतं, ते आता आलं.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला.

ती त्या लोखंडी दांड्यावर थोडी बाजूला सरकली आणि तिनं त्याला बसायला जागा केली.