निन्या एदुविनाची पोच

नदीकाठच्या सान रोकेत बाई साठीला आली तरी तिला मानानं हाक मारायची ती ‘निन्या’ अशीच, म्हणजे मुलगी. वाचनालयातली एदुविना पालेन्सिया अठ्ठावन्न वर्षांची निन्या होती. चष्मा बुटाच्या नाडीनं गळ्यात बांधलेला, आवाज खणखणीत, आणि तोंडात एकच प्रश्न कायमचा: “पोच घेतलीस का?”

पुस्तकं देणं-घेणं हे तिचं कागदोपत्री काम. खरं काम अर्ज लिहिण्याचं. रस्त्यावरचा दिवा, म्हाताऱ्यांचं निवृत्तिवेतन, नळाचं पाणी, जे हवं ते लेखी मागायचं आणि साहेबानं कामाच्या पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं, असा तिथला कायदा. पण हे पंधरा दिवस मोजायचे शिक्का पडल्यापासून. शिक्का नाही तर अर्जच नाही. सव्वीस वर्षं एदुविनानं गावाकडून हेच घोकून घेतलं होतं. लोक पोचेची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवायचे.

नगरपालिका लाँचनं दोन तासांवर. म्हणून तीन वर्षांपूर्वी करार झाला: अर्ज वाचनालयात द्यायचा आणि वाचनालयाचा शिक्का तोच नगरपालिकेचा शिक्का धरायचा. दर शुक्रवारी अर्जांची थैली लाँचनं जाऊ लागली. पहिल्या शुक्रवारी एदुविनानं थैलीची पोच मागितली, तेव्हा तिथला कारकून हसला. “आपल्यात कसली पोच, निन्या? आता आपलं एकच घर.” आणि ही बया, साऱ्या गावाला पोचेवरून धारेवर धरणारी, चक्क सुखावली! पुन्हा कधी मागितली नाही. याबद्दल तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही, आणि करूही नये.

फेब्रुवारीत ट्रान्सितो काब्राल आली. नदी काठ खात होती आणि तिचं स्वयंपाकघर पाण्यापासून बारा पावलांवर आलं होतं. वरच्या आळीत जागा द्या, असा अर्ज एदुविनानं लिहिला, शिक्का मारला, प्रत हातात दिली. जूनमध्ये स्वयंपाकघर नदीत गेलं. चूल, भांडी, मागचं लिंबाचं झाड, सगळं एका दुपारी. उरल्या दोन खोल्या. ट्रान्सितो पोच घेऊन नगरपालिकेत गेली आणि दुसऱ्या दिवशी तो कागद तिनं एदुविनाच्या टेबलावर आणून टाकला.

“तुझा शिक्का खोटा आहे म्हणाले.”

“कोण म्हणालं?”

“डॉक्टर आनाया.” हे नगरपालिकेचे चिटणीस. तिथं खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, मग त्याला साधं गळू कळत नसलं तरी. “करार जुन्या महापौराबरोबर डिसेंबरात संपला म्हणे. जानेवारीपासूनचे अर्ज आमच्याकडे आलेच नाहीत, नवा दे. हसले पण.”

“आणि थैल्या? दर शुक्रवारच्या थैल्या कुठं गेल्या मग?”

“ते मला काय विचारतेस? मी तुझ्यावर विसंबले, एदु. वकील म्हणतो, फेब्रुवारीची पोच खरी ठरली तर न्यायाधीश या आठवड्यात जागा द्यायला लावेल. नाहीतर पहिल्यापासून सुरुवात. तोवर नदीला पोच दाखवत बसू का?”

एदुविनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थैल्या न्यायच्या, करार संपल्याचं अवाक्षर काढायचं नाही, आणि बाईचं घर वाहून जायला लागलं की काखा वर करायच्या! वर दर महिनाअखेरीला फोन करून आकडे मात्र मागायचे: किती अर्ज आले, कुणाचे, कुठल्या तारखेचे. त्यात कधी एक दिवसाचा उशीर चालला नाही.

गुरुवारी डॉक्टर आनाया स्वतः आले. नव्या कराराचा समारंभ होता. बँड आला, पांढऱ्या खुर्च्या आल्या. वाचनालयाच्या दारावर भलामोठा फलक चढला. एदुविनानं तो चष्मा लावून वाचला आणि तिला वाटलं, शिडी आणून आत्ताच फाडावा. फलकावर लिहिलं होतं: ‘नगरपालिका आणि वाचनालय, जनतेच्या सेवेत. जानेवारी ते जून, एक्केचाळीस अर्ज स्वीकारले.’

अर्ज आलेच नाहीत म्हणे! मिरवायला आले, उत्तर द्यायला नाही.

टेबलावर करार, नगरपालिकेचा शिक्का आणि शाईची गादी मांडली होती. एदुविनानं करार उघडला. चौथ्या कलमात लिहिलं होतं, आजच्या आधी वाचनालयात दिलेला कुठलाही अर्ज नगरपालिकेवर बंधनकारक नाही. तिनं कागद खाली ठेवला. पहिल्या रांगेत ट्रान्सितो मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

डॉक्टरांनी छापील अहवाल वाचला. एक्केचाळीस कुटुंबं, एक्केचाळीस अर्ज, नगरपालिका दारी आली, वगैरे. टाळ्या पडल्या.

“डॉक्टर,” एदुविना गोड आवाजात म्हणाली, आणि तिला ओळखणारे सावध झाले, “एवढा छान अहवाल. एक प्रत वाचनालयाच्या फायलीला द्या की. यादीसकट.”

“घ्या, घ्या निन्या. तुमचंच तर यश आहे.”

“सही-शिक्क्यानं द्या. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. आणि एकदा वाचून घ्या.”

“आत्ता वाचला की सगळ्यांसमोर!” डॉक्टर हसले. तीस वर्षांच्या नोकरीत पुढ्यात आलेल्या कागदावर हात आपोआप चालत होता. सही केली, शिक्का उचलला, गादीवर दाबला, ठोकला. यादीच्या पानावरही ठोकला. सतराव्या ओळीत होतं: ट्रान्सितो काब्राल, चौदा फेब्रुवारी, घरासाठी जागा, अर्ज स्वीकारला.

एदुविनानं फुंकर घालून शाई वाळवली आणि सरळ पहिल्या रांगेत गेली.

“ही घे तुझी पोच. खुद्द त्यांच्या शिक्क्याची. तीनची लाँच पकड आणि न्यायाधीशासमोर ठेव. उरलेल्या चाळिसांना मी सांगते.”

आता डॉक्टरांच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. “निन्या एदुविना, तो कागद परत द्या. तो समारंभापुरता होता!”

“समारंभापुरता?” तिचा आवाज बँडवाल्यांपर्यंत गेला. “हिचं स्वयंपाकघर पण समारंभापुरतंच गेलं का हो? एक्केचाळीस घरांची थट्टा केलीत आणि वर माझ्या दारावर त्या थट्टेचा फलक लावलात! लाज कुठल्या थैलीत घालून पाठवली?”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रान्सितोनं कागद पिशवीत घातला, पिशवी छातीशी धरली आणि धक्क्याकडे चालू लागली.

डॉक्टरांनी घाम पुसला आणि करार पुढे सरकवला. “तुम्ही आधी इथं सही करा. नाहीतर वाचनालयाला काहीच मिळणार नाही.”

एदुविनानं खणातून आपला शिक्का काढला. ज्याला खोटा म्हणून हसले होते, तोच. कराराच्या पहिल्या पानावर तो ठोकून मारला, खाली तारीख आणि वेळ लिहिली, आणि प्रत डॉक्टरांच्या हातात दिली.

“मिळाला,” ती म्हणाली. “उत्तर पंधरा दिवसांत देते. कामाच्या.”