समासात लिहिलेली ओळ

कवींबद्दल मला फारशी माया नाही. अमेरिकेत डुलुथमधल्या आमच्या लहानशा विद्यापीठ-प्रकाशनात मी वर्षानुवर्षं त्यांच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी लावते आहे. एक स्वल्पविराम हलला म्हणून जीव खाणारे मी पुष्कळ पाहिलेत.

सिग्ने हाउकास मात्र मला आवडायची. कविता शिकायला आलेली पोर, फी माफ व्हावी म्हणून अर्धा दिवस आमच्याकडे संपादनाला बसायची. उरलेल्या वेळात स्वतःचा पहिला संग्रह लिहायची. तो मान्य झाला तरच पदवी मिळणार होती. संग्रह तिच्या वडिलांवर होता. तळ्याकाठी त्यांचं धुरी दिलेल्या माशांचं दुकान होतं, आणि वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते.

"कुठवर आलं तुझं?" मी विचारायची.

"रूथ, दिवसभर दुसऱ्यांच्या ओळी चावल्या की घरी तोंडाला चवच उरत नाही गं."

त्या हिवाळ्यात वॉरन पेल्कींचं पुस्तक छापायला होतं. माणूस नावाजलेला, पण स्वतःच्या वडिलांवरच्या कवितेचा शेवट काही केल्या जमेना. छपाईची तारीख डोक्यावर आली तेव्हा लोरेटा, आमची मुख्य संपादक, सिग्नेला म्हणाली, "त्यांना जरा वाट दाखव."

वाट दाखवायची आमची रीत ठरलेली. संपादकाने पानाच्या समासात नमुन्याची ओळ लिहायची आणि पुढे 'असं काहीतरी?' म्हणून विचारायचं. कवीने त्यावरून आपली वेगळी ओळ लिहायची. सिग्ने दमली होती, डोक्यात दुसरं काही येईना. तिने स्वतःच्या संग्रहाची शेवटची ओळ लिहून दिली: 'हात गेले. धुराचा वास अजून दार उघडतो.'

पेल्कींचे वडील पाइप ओढायचे, त्यामुळे धूर त्यांनाही चालला. पानं परत आली तेव्हा ओळ जशीच्या तशी कवितेत बसली होती.

"अगं, ही तुझी ना?" मी म्हटलं.

"प्रुफात बदलतील ते."

त्यांनी ती बदलली नाही. मी सिग्नेला ढकलतच लोरेटाकडे नेलं. लोरेटाने चष्मासुद्धा काढला नाही. "समासात लिहिलं की ते कवीचं झालं. मी काय कमी ओळी दिल्यात? कामच आहे आपलं." मला तिचा भयंकर राग आला, पण रीत तिच्याच बाजूची होती.

पुस्तक गाजलं. परीक्षण आलं त्यात नेमकी तीच ओळ मोठ्या अक्षरात छापलेली. वसंतात सिग्नेने स्वतःचा संग्रह प्राध्यापकांकडे दिला, तर तो शेरा मारून परत आला: पेल्कींची छाया फार आहे, शेवट तर उचललेलाच वाटतो, स्वतःचा आवाज शोध. पदवी वर्षभर पुढे गेली.

"सांग ना त्यांना खरं काय ते," मी चिडून म्हणाले.

"कोण ऐकणार? छापलेली त्यांची आहे. मी तोंड उघडलं तर चोरटी मीच ठरायची."

नंतर पेल्कींचं काव्यवाचन ठेवलं. त्यांची ओळख करून देणं हेही सिग्नेच्याच कामात आलं. तिने ती छान करून दिली, हसून. तिची आई पहिल्या रांगेत होती, सगळ्यांसाठी धुरीचा मासा आणि क्रॅकर घेऊन आलेली. संग्रहातलं एक अक्षरही सिग्नेने तिला दाखवलं नव्हतं. पुस्तक झालं की बाबांच्या जागी आईच्या हातात ठेवायचं, असं तिने ठरवलं होतं.

पेल्कींनी शेवटची ओळ वाचली. टाळ्या पडल्या. सिग्नेची आई रडत होती.

बाहेर टेबलाशी ती लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असं लिहावं बघ. मला दारात तुझे बाबाच दिसले. तू इतकी शिकतेस, त्यांच्यावर असं काही का नाही गं लिहीत?"

सिग्ने तिला मासा वाढत होती.

"लिहीन, आई," ती म्हणाली.