पान लागलं

त्या दिवशी पडवीत आम्ही तिघीच — मी, माझी जाऊ सखू, नि अलिबागवरनं आलेली ती कागदवाली पोरगी. सखू आता न्हाय. पोरगीला माझं नाव पण आठवत नसंल. म्हंजे ठाऊक असलेली मी एकटीच. हे मी कुणाला — पोटच्या पोराला पण — सांगितलेलं न्हाय.

माझी सून सुवर्णा भातकापणीच्या दिवसांत वारली. दोन महिन्यांनी ही पोरगी आली. घरात मेलेलं माणूस कशानं मेलं, ते घरच्यांना विचारून लिहायचं, हे तिचं काम. म्हणाली, आजी, यावरनंच ठरतं, कुठल्या दवाखान्यात कसलं औषध ठेवायचं.

"कशानं गेल्या त्या?"

"पान लागलं."

आमच्यात साप चावला असं तोंडानं बोलत न्हाईत. पान लागलं म्हणायचं. पोरगी शहरातली — तिला काय कळणार?

"पान? तंबाखूचं? खूप खायच्या का?"

सखूनं माझ्याकडं बघितलं. एवढंच तर सांगायचं होतं — न्हाय बाय, साप. पण मग पुढचा सवाल काय आला असता? कुठं नेलं. किती वेळानं नेलं.

"व्हय," मी म्हटलं. "लई खायची."

सुवर्णानं सुपारीचं खांड कधी तोंडात घातलं न्हाय. पोरगी गेल्यावर सखू म्हणाली, "मेलेलीला पानखाऊ केलीस. झालं समाधान?"

कुठं नेलं — ते आता सांगते. कुठंच न्हाय. दारात रिक्षा उभी होती. सुवर्णा म्हणत होती, "आत्या, मला माणगावच्या दवाखान्यात न्या." मी रिक्षा परत लावून दिली नि भगताला बोलावलं. तो तिला कडुलिंबाचा पाला चावायला देऊन विचारत बसला — कडू लागतो का गोड? गोड लागला म्हंजे विष चढलं. दुपारची संध्याकाळ झाली. तिच्या पापण्या आपोआप मिटायला लागल्या, तवा पण मीच म्हटलं, थांबा जरा.

पोरगा न्हावा शेव्याला कामावर. त्याला सांगितलं, वेळच मिळाला न्हाय. अजून तो तेच धरून बसलाय.

आमच्या दवाखान्यात सापाची लस अजून न्हाय. गेल्या साली खालच्या वाडीतली एक बाई पान लागून वाटेतच गेली. माझ्या कागदामुळं? — कुणास ठाऊक. कागद मी खोटा केला, एवढं खरं.

हे वाचणारं जे कोण असंल, त्याला तो कागद गावला तर दुरुस्त करा. लिहा — साप चावला. सासूनं दवाखान्यात जाऊ दिलं न्हाय.