हरलं तरी चालेल

राजधानीत एका मराठी कारकुनाची बढती खात्याने चुकीने अडवली होती. तो कोर्टात गेला, आणि त्याच्याविरुद्ध सरकारी वकील मी. खात्याच्या अधिकाऱ्याला म्हटलं, "माणूस बरोबर आहे. कोर्टात मान्य करून टाका." तो हसला. "वकील साहब, हारने पर कोई नहीं पूछता. मान लिया तो सब पूछेंगे, क्यों माना?"

डोकं फिरलं माझं, पण वकिलाने खात्याचंच ऐकायचं असतं. कोर्टात कारकुनाला विरोध केला, हरलो. खात्याने अपील ठोकलं, तेही माझ्याच गळ्यात पडलं. तोवर कारकून निवृत्त झाला.

आर. के. पुरमच्या बसस्टॉपवर भेटला, तेव्हा मी माफी मागू लागलो. तोच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका साहेब. ही फाईल माझ्या टेबलावर आली असती, तर मीही अपील करा असंच लिहिलं असतं."