ग्रीक डॉक्टरांचा सत्कार

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींना गोरा माणूस दिसला की शाल-श्रीफळाची घाई होते. दस्मानच्या दवाखान्यातले हृदयाचे डॉक्टर ग्रीक होते आणि वर कविता करत, मग काय विचारता. मंडळात आमचेच कवी चिकार, हातातला माइक सोडत नाहीत. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं.

माझे यजमान तेलाच्या कंपनीत इंजिनीअर. चार पावलं चाललं तरी दम लागायला लागला म्हणून आम्ही याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या टेबलावर रिपोर्ट कमी, स्वतःच्या कवितांची पुस्तकं जास्त. तपासण्या झाल्यावर मी विचारलं, "काळजीचं काही आहे का?" तर खिडकीतून समुद्राकडे बघत म्हणाले, "हृदयाला घाई आवडत नाही, मॅडम. रविवारी बोलू." बाहेर पेशंट ताटकळत होते आणि हे लाटा बघत होते. मी चिडले, तर यजमान म्हणाले, "अगं, मोठा माणूस आहे. त्यांची बोलायची पद्धतच ती." गोऱ्यानं टोलवाटोलवी केली की ती पद्धत. आपल्यातल्या कुणी केली असती तर आम्ही त्याची सालं काढली असती.

रविवारच्या आधीच, शुक्रवारी, सत्कार आला. अध्यक्षांनी डॉक्टरांना पुणेरी पगडी चढवली, ती भुवयांवर आली. मग ते इंग्रजीतून आपली नवी कविता वाचू लागले. एक परदेशी माणूस तपासणीसाठी कपडे उतरवतो. बनियनची चौकोनी घडी करून ती बुटांवर ठेवतो. डॉक्टर मनात म्हणतो, हा पुढचा उन्हाळा बघणार नाही, आणि घडी मात्र हा शंभर उन्हाळे काढायचे असल्यासारखी घालतो.

बनियनची घडी बुटांवर ठेवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. त्याच्याशी मी संसार केला. जे आम्हाला सांगायला या गृहस्थांना वेळ नव्हता, ते त्यांनी यमक जुळवून हॉलभर सांगितलं होतं. मला त्या माणसाची किळस आली. ती आजही येते.

शेजारी यजमान टाळ्या वाजवत होते. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आणि आमच्या लोकांना संगीत नाटकांपासूनची खोड, अर्ध्यांना इंग्रजी कळलं नव्हतं तरी मागून आवाज आला, "वन्स मोअर." मग सगळा हॉलच ओरडायला लागला. डॉक्टर लाजले, पगडी सावरली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले, या खेपेला सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

यजमानांचे हात मांडीवर आले. ते माझ्या कानाशी वाकले.

"ते माझंच ना गं?"

"अहो, कविता आहे ती. कवितेत काहीही लिहितात."

त्यांनी मान डोलावली. मग त्या भरल्या हॉलमध्ये त्यांनी शर्टाचं गळ्याचं बटण लावून घेतलं.