दुपारच्या वर्गातलं गम्प्शन

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही. "वर्गातलं वर्गातच," असं देसाई मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलंय. पण मी त्या वर्गाची विद्यार्थिनी नाही. मी फक्त मागच्या बाकावर बसून गृहपाठ करते. आणि जो गप्प बसतो, त्याच्याकडंच किस्से साठत जातात. आता इतके साठलेत की गणिताच्या वहीची मागची पानं संपली!

राजारामपुरीत एका मेडिकलच्या वर देसाई मॅडमचा इंग्लिश बोलण्याचा वर्ग चालतो, फक्त बायकांसाठी. आई तिथं जाते. शाळा सुटली की मीही तिथंच जाते, कारण घराची किल्ली आईकडं असते.

एका मंगळवारी मॅडमनी फळ्यावर शब्द लिहिला, 'गम्प्शन'. म्हणाल्या, "याच्यात व्यवहारज्ञान आहे, धाडस आहे, आणि कुणी सांगायची वाट न बघता काम उरकणंही आहे."

कागलहून येणाऱ्या सुमनमावशी पहिल्या बाकावरून म्हणाल्या, "तीन माणसांचं काम एकट्या शब्दाला लावलंय व्हय!"

मग मॅडमनी नियम केला. प्रत्येकीनं आठवड्यात एक तरी गम्प्शनचं काम करायचं आणि वर्गात सांगायचं. बाकीच्यांनी हात वर करून पास-नापास ठरवायचं. नापास होईल तिनं पुढच्या तासाला सगळ्यांसाठी भडंग आणायचं.

*

पहिला नंबर अर्थातच सुमनमावशींचा. त्यांच्या घरी म्हशी आहेत. नातू बेंगलोरला असतो आणि फोनवर इंग्लिशच बोलतो, म्हणून त्या वर्गाला येतात.

त्या कागलच्या एसटीत चढल्या. एकच सीट रिकामी, तिच्यावर कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकलेला. मावशींनी रुमाल उचलला, नीट चौकोनी घडी केली, हातात धरला आणि बसल्या.

थोड्या वेळानं रुमालवाला आला. "ओ मावशी, मी रुमाल टाकलावता हितं!"

"व्हय, पडलावता. घडी करून ठेवलाय. घ्या!"

"हे गम्प्शन न्हाय, ही दांडगाई!" हे ऐकून वर्गात मंगळवार पेठेतल्या शोभाकाकू ओरडल्या. मतं घेतली. एका हातानं मावशी पास झाल्या. तो हात त्यांचा स्वतःचा होता!

*

शोभाकाकूंना पुढच्याच आठवड्यात संधी मिळाली. घरात चौघांपुरतं मटण शिजलेलं आणि दारात लेकीच्या सासरची सहा माणसं, न कळवता!

काकूंनी हसतमुखानं पाट मांडले आणि जाहीर केलं, "तुम्ही बसून घ्या. आमचा घरच्यांचा आज उपास हाय."

लेकीचे सासरे हुशार. म्हणाले, "मग विहीणबाई, मटण कुणासाठी शिजत होतं?"

काकू क्षणभरही थांबल्या नाहीत. "तुमच्यासाठीच की! सकाळपास्नं वाटतच होतं, पावणं येणार!"

काका बिचारे समोर बसून साबुदाण्याची खिचडी खात होते आणि तांबड्या रश्श्याचा नुसता वास घेत होते. वर्गात सगळे हात वर गेले. सुमनमावशी म्हणाल्या, "गम्प्शन काकूचं, उपास काकांचा!"

*

रुबिनाभाभी ब्लाउज शिवतात. त्या माझ्याइतकंच बोलतात, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्यांची पाळी आली तेव्हा उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मी नाही म्हटलं."

"कुणाला?" मॅडमनी विचारलं.

"बुधवारी सकाळी कापड टाकून बुधवारी संध्याकाळी ब्लाउज मागणाऱ्या बाईंना. बारा वर्षांत पहिल्यांदा."

पुढं काय झालं, त्या बाई काय म्हणाल्या, कुणी विचारलंच नाही. मॅडमनी 'पास की नापास' म्हणायच्या आधीच सगळे हात वर होते. मॅडमचासुद्धा!

*

हळूहळू तो शब्द वर्गाबाहेर पडला. शोभाकाकूंच्या मते त्यांच्या मिक्सरमध्ये गम्प्शन उरलं नव्हतं. मॅडमच्या मते कार्पोरेशनच्या नळात ते कधीच नव्हतं.

सुमनमावशींची एक म्हैस स्वतःच दावं सोडवून वैरणीपर्यंत जाते. मावशींनी तिचं नावच गम्प्शन ठेवलं.

"हाक मारली की येते का?" मी विचारलं. वर्गात मी विचारलेला हा एकुलता एक प्रश्न.

"न्हाय येत," मावशी अभिमानानं म्हणाल्या. "तेच तर गम्प्शन!"

*

आता आई. आई सलग पाच वेळा नापास झाली. आमच्या घरी भडंगाचा मोठा डबाच करून ठेवावा लागला.

आई बी. कॉम. आहे. पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तिचा आवाज बसतो. माझ्यात हे तिच्याकडूनच आलंय. नोकरीच्या दोन मुलाखतींना ती दारापर्यंत जाऊन परत आली होती. आता जवळच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला जागा निघाली होती. आई बाबांना म्हणाली, "हे शेवटचं. हे नाही जमलं तर वर्गही बंद आणि नोकरीचं नावही काढणार नाही." ती शांतपणे म्हणाली, म्हणूनच मला भीती वाटली.

चौकशीसाठी तिनं दवाखान्यात फोन केला. पलीकडून "हॅलो" आलं आणि हिनं फोन ठेवून दिला! वर्गात हे तिनंच प्रामाणिकपणे सांगितलं. पाचवं भडंग त्याचंच. शेवटी मुलाखतीची वेळ मॅडमनी घेऊन दिली. शनिवारी दहा.

शुक्रवारी वर्गात सराव झाला. सुमनमावशी डॉक्टर झाल्या, टेबलामागं बसल्या. "व्हाय यू वाँट जॉब?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"अगं बोल की! मी डॉक्टर हाय, म्हस न्हाय!"

सगळ्या हसल्या. आई हसली नाही.

*

शनिवारी मला सुट्टी होती, म्हणून पिशवी धरायला मी बरोबर गेले. दहाला दहा मिनिटं होती. आधीची मुलगी लग्न ठरल्यामुळं सोडून गेलेली, काउंटर रिकामा. डॉक्टर आत पेशंट बघत होते. आई माझ्या शेजारी बसून ओठांतल्या ओठांत इंग्लिश वाक्यं म्हणत होती. मध्येच तिनं दाराकडं बघितलं. मी पिशवी घट्ट धरली.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा वाजायला लागला. आई अर्धी उठली, बसली. परत उठली आणि गेली.

"हॅलो, गुड मॉर्निंग, हाऊ मे आय..."

पलीकडचा माणूस इतक्या जोरात ओरडत होता की मला बाकावर ऐकू येत होतं. "आरं दात! दात गेला माझा!"

आईनं डोळे मिटले. उघडले. आणि जो आवाज मी घरीसुद्धा कधी ऐकला नव्हता, त्या आवाजात म्हणाली, "ओ पावणं! आधी वरडायचं थांबा. कंच्या बाजूचा? खालचा का वरचा? कधीपास्नं? बरं. कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरा आणि अकराला या. न्हाय, दहाला न्हाय. दहाला माझा नंबर हाय!"

फोन ठेवून तिनं रजिस्टर ओढलं, 'अकरा, खालची डावी दाढ' असं लिहिलं आणि मान वर केली. आतल्या दारात डॉक्टर हातमोजे घालून उभे होते. कधीपासून, देव जाणे.

"कोण होतं?"

"अकराचा पेशंट."

"आणि तुम्ही?"

"दहाची."

डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं, रजिस्टरकडं बघितलं. "अकराचा आला की आत पाठवा," म्हणाले आणि पेशंटकडं परत गेले.

आई उभीच राहिली. मग मला हळूच म्हणाली, "पिशवी दे इकडं." पिशवी तिनं काउंटरच्या आत ठेवली. आणि बरोबर अकराला गालाला टॉवेल बांधलेला तो माणूस जिना चढून आला, तेव्हा आईनं त्याला पहिलं काय विचारलं, तर... आले, आले! आई हाक मारतेय, काउंटरवरून. पेशंट बसलेत त्यांना जागा करून द्यायचीय, आणि दुसऱ्यांदा हाक मारायला लागली की आजकाल ती मलासुद्धा त्याच "ओ पावणं!"च्या आवाजात...