टिकली लावलेली टेप

ये गं, इकडे ये, अशी जवळ बस. बेंगळुरूच्या तुझ्या खोलीत बसून वाचत असलीस तरी माझ्या शेजारी बसल्यासारखी वाच. आणि आधी कान पकड! माझ्या कपाटातल्या व्हिडिओ टेपांचा फोटो काढून विकायला फोनवर टाकलास, घराचा पत्तासुद्धा दिलास, आणि काकूला एक शब्द सांगायचं नाही होय? परवा मी दारात रांगोळी काढतेय, तर एक मुलगा स्कूटर लावून उभा. "मॅडम, कॅसेट्स?" म्हणतो. मला वाटलं, जुन्या साड्यांवर भांडी देणारा आला.

तुला फोन केला तर तू म्हणालीस, "काकू, कपाट नुसतं अडकून पडलंय. जुन्या टेपांना आता ऑनलाइन गिऱ्हाईक आहे." कन्नडात म्हणतात तसं, आयतु, झालं ते झालं. हेतू चांगला होता तुझा. पण त्या कपाटात काय काय होतं हे तुला तरी कुठं ठाऊक?

तू अगदी लहान होतीस तेव्हा. म्हैसुरातल्या आपल्या गल्लीत मराठी घरं बरीच, पण व्हीसीआर फक्त आपल्याकडे. पुण्याहून कुणी आलं की बाकरवडीबरोबर नाटकाची एखादी टेप यायची. रविवारी दुपारी सगळ्या बायका शेंगा सोलत आपल्या हॉलमध्ये. आता आपलं मराठी हे असं, अर्धं कन्नडात बुडवलेलं. पुण्याची ती नटमंडळी भराभरा बोलायची, समोरचे प्रेक्षक हसायचे, आणि आम्ही एकमेकींची तोंडं बघायचो. मग तुझी आई टेप थांबवायची. माझी थोरली जाऊ, पण मी तिला अक्काच म्हणायची. ती विचारायची, "काय म्हटला गं तो?" ज्या कुणाला कळलं असेल ती कन्नडात समजावून सांगायची. मग आम्ही सगळ्या पोट धरून हसायचो, आणि अक्का टेप पुन्हा सुरू करायची. एक नाटक संपेपर्यंत दिवेलागण व्हायची.

तर तो स्कूटरवाला मुलगा. आत घेतला, आणि सवयीनं आपल्याशीच बोलले, "अय्यो देवा, ह्याला बसवू कुठं, खुर्चीवर तर कपडे पडलेत." तो टुणकन उडालाच.

"आजी, तुम्ही मराठी?"

"मग काय! आमचे पूर्वज इथल्या फौजेत आले ते इथलेच झाले."

"मी नागपूरकडचा. नोकरीसाठी आलो, बोगादीत राहतो. पण तुमचं मराठी जरा वेगळंच आहे हो."

"वेगळं तुझं आहे रे बाळा. आमचं इथलं आहे."

हसला बिचारा. कॉफी घेतली, टेपा जमिनीवर मांडून बसला. मला वाटलं सिनेमांना भाव असेल, छान छापील डबे आहेत त्यांचे. त्यानं ते बाजूलाच सारले. "आजी, हे सगळं आता फोनवर फुकट दिसतं. कुणी घेत नाही." त्याला हव्या होत्या घरी भरलेल्या टेपा, टीव्हीवरचे कार्यक्रम, मधल्या जाहिरातींसकट. जाहिराती गं! तेव्हा त्या लागल्या की आम्ही कुकर लावायला उठायचो, आणि हा मुलगा त्यांच्यासाठी पैसे मोजतो.

पण बऱ्याच टेपा वाकलेल्या निघाल्या. त्यानं विचारलं, "कशात ठेवल्या होत्या?"

"कपाटातच. पण दर उन्हाळ्यात संडिगे वाळत घातले की त्यांच्या बाजूला गच्चीवर ऊन दाखवत होते ना."

"टेपांना? ऊन?"

"मग? मिरचीला दाखवतो, गादीला दाखवतो. कसर लागू नये म्हणून!"

त्यानं डोक्याला हात लावला. मीही लावला.

आणि मग त्यानं एक टेप उचलली. "ही अगदी सरळ आहे. फोनवरच्या जाहिरातीत लिहिलंय तीच का, लाल स्टिकरवाली?"

मी चष्मा लावून पाहिली. वर तुझ्या बाबांच्या अक्षरात लिहिलेलं, 'अडिगे'. म्हणजे स्वयंपाकाचा कार्यक्रम. ही कपाटातली नव्हेच! मग आठवलं, गेल्या नवरात्रात आपल्या म्हैसुरी रीतीनं पायऱ्यांवर बाहुल्या मांडायला आली होतीस, तेव्हा बाहुल्यांच्या ट्रंकेतल्या जुन्या साडीच्या घडीत एक टेप सापडली म्हणाली होतीस. मी ओट्याशी होते, "ठेव बाकीच्यांबरोबर" म्हणाले. पाहिलीच नाही गं मी तेव्हा.

ते स्टिकर नाही, माझे राणी. ती तुझ्या आईची टिकली आहे.

ऐक. त्या वर्षी शेजारच्यांचा मुलगा दुबईहून कॅमेरा घेऊन आला होता. तुझ्या बाबांनी तो एका संध्याकाळी मागून आणला. नवी टेप कुठली मिळायला! स्वयंपाकाच्या कार्यक्रमावरच भरलं. अक्का बाहुल्यांच्या पायऱ्यांपुढे उभी, तू तिच्या कडेवर. सरगूरच्या माहेराहून लग्नात मिळालेली राजाराणीची लाकडी जोडी ती दाखवत होती, अगदी शाळेतल्या बाईंसारखी, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. आणि तू राजाचा हात धरून ओढलास. कटकन तुटला. तुझे बाबा हसायला लागले, कॅमेरा हलला, अक्का तुला काहीतरी बोलली आणि स्वतःच हसत सुटली.

नंतर तिनं कपाळावरची टिकली काढून टेपेवर चिकटवली. "ह्यावर आता कोणी काही भरायचं नाही," म्हणाली.

पुढच्या नवरात्रात ती नव्हती. ती टेपही दिसेना. मला वाटायचं, कुणीतरी नेली आणि परत केली नाही. भावजींनीच, तुझ्या बाबांनी, बाहुल्यांमध्ये ठेवली असणार. कधी बोलले नाहीत, आणि आता विचारायला तेही नाहीत.

तुला आठवतं, कॉलेजात असताना एकदा तू मला विचारलं होतंस, "काकू, आईचा आवाज कसा होता?" मी म्हणाले, छान होता. दुसरं काय सांगणार? आवाज का सांगता येतो! राजाचा हात तुटल्यावर ती काय बोलली, तेही मला आता आठवत नाही. तो हात अजून ट्रंकेत आहे, चिंधीत बांधलेला.

त्या मुलानं टेपेचं झाकण उघडून उजेडात धरली. कडेला बारीक पांढरी बुरशी आहे म्हणाला. साफ करून चालेल बहुतेक, पण किती वेळा ते सांगता येत नाही. कदाचित एकदाच. त्याच्याकडे चालू मशीन आहे, टेप फिरेल तसतसं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेईल. "आजी, संध्याकाळीच आणू का?"

जिभेवर 'हो' आलं होतं गं. खोटं कशाला सांगू, मलाही तिला बघायचंय. इतकी वर्षं झाली. पण म्हटलं, नको. एकदाच चालणार असेल तर तिची लेक समोर बसलेली असू दे. उतरवलेलं तू नंतर कितीदाही बघशील, पण ती पहिल्यांदा बोलेल तेव्हा तू इथं हवीस.

"ही विकायची नाही ना मग?" त्यानं विचारलं.

"वेड लागलंय का तुला," म्हणाले, "आणखी कॉफी घे."

जाहिरातवाल्या टेपा तो घेऊन गेला. सिनेमांचं काय करायचं ते तू ठरव, मला आता त्यांचा कंटाळा आलाय. टिकलीवाली मी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवली आहे. उन्हात घालणार नाही, घाबरू नकोस.

आधी ती फोनवरची जाहिरात काढ, काल पुन्हा दोघांचे फोन आले. आणि ये. "पुढच्या शनिवारी बघते काकू" हे आता ऐकणार नाही मी. कुठल्या गाडीनं निघतेस तेवढं कळव, म्हणजे त्या मुलाला मशीन घेऊन बोलावते. जेवण करून ठेवते, आल्यावर आधी दोन घास खा, मग लावू. लवकर ये गं.